३६ तासांचं युद्ध आणि आमचे आप्पा

खिशात पैसे नसताना युद्धाचा सिनेमा करायचा तर युद्ध आखूड निवडावं. आम्ही गोवा मुक्तीचं निवडलं. १८ डिसेंबर १९६१ ला फौजा गोव्यात शिरल्या आणि १९ तारखेच्या रात्री पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. सगळं मिळून ३६ तासांच्या आसपास. त्यातली एक रात्र, सरहद्दीजवळची एक वाडी, चार माणसं आणि एक राक्षस, एवढ्यावर आमचा तासाभराचा सिनेमा उभा आहे.

‘‘गोवा मुक्तीत राक्षस कुठनं आला रे?’’ हा प्रश्न घरापासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळ्यांनी विचारला. परवानगीचा अर्ज कन्नडमध्ये लिहून नेला होता. कारकुनानं तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, ‘‘देव्वद पिक्चरा?’’ भुताचा नाही, प्राण्याचा, असं मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. त्यावर तो मराठीत म्हणाला, ‘‘प्राणी पायजे तर रात्री तिकडं थांबा. गवे येतात.’’ तेव्हा मी हसण्यावारी नेलं. गव्याचं पुढं येतंच.

बेळगावच्या माणसाला हे युद्ध शाळेच्या पुस्तकातून शिकावं लागत नाही. मेजर जनरल कँडेथ यांच्या १७ व्या डिव्हिजनची जमवाजमव इथंच झाली. फौज आणायला पॅसेंजर गाड्या बंद ठेवल्या होत्या. गोव्याच्या चळवळीतली माणसं त्याआधी कितीतरी वर्षं बेळगावात राहून काम करत होती. आणि बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीवरून उडालेल्या हंटर विमानांनी गोव्यातलं बांबोळीचं रेडिओ केंद्र उडवलं. आमच्या शहापुरातल्या म्हाताऱ्यांकडे विषय काढला की प्रत्येकाकडं त्या डिसेंबरचं काहीतरी असतंच. कुणाचे वडील स्टेशनवर चहा विकत होते, कुणाच्या घरासमोरून रात्रभर ट्रक गेले. तारखा एकमेकांशी जुळत नाहीत, पण ट्रकचा आवाज सगळ्यांना सारखाच आठवतो.

हा आवाजच मला धरून बसला. त्यात आणखी एक गोष्ट वाचली होती. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोघं १९५५ पासून गोव्यासाठी गुप्त रेडिओ चालवत होती, आधी आंबोलीच्या जंगलातून आणि मग कॅसलरॉकच्या. म्हणजे आपल्या या झाडीत सहा वर्षं कुणीतरी हळू आवाजात बोलत होतं आणि पलीकडं कुणीतरी कान लावून ऐकत होतं. मग वाटलं, तिसरंही कुणी ऐकत असेल तर?

हा तिसरा खानापूर तालुक्यातच सापडला. भीमगड अभयारण्यात बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तिथं एका दुर्मीळ वटवाघळाची वस्ती आहे. १९१३ साली शास्त्राच्या दफ्तरात त्याची नोंद झाली आणि पुढं कित्येक वर्षं जगात त्याची माहीत असलेली वस्ती ती एवढीच. नंतर मेघालयात आणि कंबोडियात ते सापडलं. जीव मुठीएवढा, पण कान असे की कपाळावरून पुढं तोंडावर येतात. फोटो बघितला आणि राक्षसाचं तोंड ठरलं. डोळे नकोतच, फक्त कान. डोळे नकोत यामागं कला किती आणि काटकसर किती हे विचारू नका. चांगले काचेचे डोळे महाग पडतात आणि वाईट डोळे असले की कितीही पैसे घातलेला राक्षस खेळण्यातला वाटतो.

गोष्ट अशी बांधली. कणकुंबीच्या अलीकडची वाडी. पाय मुरगळलेला एक सिग्नलवाला शिपाई वायरलेस सेट घेऊन मागं राहिलाय. घरात एक बाई, तिचा ठार बहिरा सासरा आणि सरहद्द ओलांडून पळून आलेला गोव्याकडचा एक पोलीस. पोर्तुगीज माघार घेताना पूल उडवतात (ते खरंच उडवत होते), त्या धमाक्यानं डोंगराच्या पोटातलं काहीतरी जागं होतं. ते आवाजावर शिकार करतं. शिपायाला सेट बंद करता येत नाही, कारण निरोप यायचाय. आणि सेट खरखरतो. दिवे लावायचे नाहीत असा हुकूम आहे, तोही आम्हीच काढलेला, कारण अंधार फुकट मिळतो. सकाळी हंटर विमानं डोक्यावरून जातात आणि तो आवाज त्या जीवाला सोसत नाही. सांबरा ते बांबोळी अशी नकाशावर पट्टी ठेवलीत तर रेघ जांबोटी-कणकुंबीच्या जवळपासूनच जाते. हे मी शेवट लिहून झाल्यावर बघितलं आणि नकाशाला नमस्कार केला.

राक्षसाला कुणी मारत नाही. तो पोर्तुगिजांचा नाही, आपलाही नाही. ओळखीच्या एका बुजुर्गांना हे पटलं नाही. ‘‘मुक्तिसंग्रामावर काढताय तर तिरंगा कुठाय?’’ म्हणाले. तिरंगा आहे, शेवटी, लहान. पण भाषण नाही. सैनिक दिसला की मागून तुतारी वाजवायची आणि त्याला चार वाक्यं बोलायला लावायची, हा आपल्याकडचा रिवाज मला आवडत नाही. पाय सुजलेला माणूस रात्रभर कानाला हेडफोन लावून जागा राहतो, यात काय कमी आहे?

पैशांचं गणित ऋतूवर बसवलं. माझा मावसभाऊ लग्नाचं शूटिंग करतो. धनुर्मास लागला की महिनाभर लग्नं नाहीत, म्हणजे त्याचे कॅमेरे, ट्रायपॉड, एलईडीचे पॅनल कपाटात. डिसेंबरच्या मध्यापासून ते आम्हाला फक्त बॅटऱ्या चार्ज करून देण्याच्या बोलीवर मिळाले. शिवजयंतीच्या चित्ररथांचं सामान वैशाखापर्यंत कुणी विचारत नाही. त्यातून पडदे, दोऱ्या, लाकडी चौकटी, धुराचं मशीन आलं. आणि दिवाळीतले किल्ले नुकतेच मोडलेले असल्यामुळं किल्ले करणाऱ्या पोरांचे हात शिवशिवत होते. बेळगावात सिनेमाचा स्टुडिओ नाही असं म्हणतात. वर्षभर वेगवेगळ्या मंडळांच्या खोल्यांत तो ठेवलेला असतो, एकत्र करायला कुणी जात नाही इतकंच.

कपड्यांवर थोडा घोळ झाला. पोरांनी एनसीसीचे खाकी शर्ट आणले होते, पण तेव्हा फौजेचा वेष ऑलिव्ह ग्रीन. वडगावातल्या रंगाऱ्याकडून कापड रंगवून घेतलं. रायफली सुतारमामांनी सागवानाच्या तुकड्यांतून केल्या, .३०३ च्या मापानं, कारण एसएलआर रायफल ६२ च्या चीन युद्धानंतर आली. त्या टेम्पोत घालून फिरायच्या म्हणून पोलीस ठाण्यात लेखी देऊन ठेवलं. वाडीच्या तोंडाशी एक पाटी लागणार होती, तिच्यावर राज्याचं नाव ‘म्हैसूर’. १९५६ पासून आपण तिथंच होतो. मावसभाऊ म्हणाला, ‘‘ह्याच्यावरच काढ की पिक्चर.’’ त्या विषयावर काढला असता तर तो ३६ तासांत संपला नसता.

आता आप्पा.

राक्षसाचं नाव आप्पा कसं पडलं ते कुणालाच नक्की सांगता येणार नाही. मामीच्या घरी तो शिवला जात होता, आणि दारात कुणी आलं की मामी सांगायची, ‘‘आत जाऊ नका, आप्पा वाळत घातलेत.’’ पुढं सेटवर सगळे त्यांना अहो-जाहोच करत होते. आप्पांना आणा, आप्पांचा कान तुटलाय, आप्पांना पाणी पाजा.

मामी वडगावला शिवणकाम करते. ब्लाऊज, परकर, शाळेच्या गॅदरिंगचे ड्रेस. राक्षस तिनं आधी कधी शिवला नव्हता, पण घाबरली नाही. पहिल्यांदा विचारलं ते हेच, ‘‘आत बसणाऱ्याला लघवीला जायचं झालं तर?’’ हा प्रश्न मी कुठल्याही परदेशी व्हिडिओत ऐकला नव्हता. चेन तिनं कमरेपासून बाजूनं घेतली.

अंगासाठी आधी गादीवाल्याकडचा फोम घेतला. तो कापून, एसआर गोंदानं चिकटवून छाती-खांदे केले. फोम कापायला कात्री नको, लांब पात्याचा कटर आणि एका दमात. अडखळलं की पायऱ्या पडतात आणि त्या कॅमेऱ्यात दिसतात. वरून कातडीसाठी लेटेक्स हवं होतं. दोडामार्ग भागात केरळच्या लोकांनी रबराची लागवड केली आहे, तिकडून ओळखीनं एक कॅन आणला. त्यातल्या अमोनियाच्या वासानं मामीची गिऱ्हाइकं पळायला लागली. पातळ थर लावायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग दुसरा. जाड लावला तर वरून वाळतो आणि आत ओला राहतो. आमच्याकडं डिसेंबरात सकाळी धुकं आणि संध्याकाळी थंडी, त्यामुळं एकेक थर वाळायला फार वेळ लागायचा. मामीनं शेवटी केस वाळवायचं मशीन आणलं आणि मालिका बघत बघत आप्पांच्या पाठीवर फिरवत बसली.

लेटेक्सनं मान आणि तोंड झालं, पण सगळं अंग करायचं म्हटलं असतं तर पुढच्या धनुर्मासापर्यंत बसलो असतो. तेव्हा मामीनं माळ्यावरून मामांची जुनी घोंगडी काढली. काळी, धनगराकडची, हाताला टोचणारी. तिचे पट्टे कापून तिनं पाठीवर आणि दंडांवर उलटसुलट टाचले. कंदिलाच्या उजेडात ती लोकर असा काही उजेड पिऊन टाकते की कडा कुठं संपते ते कळत नाही. बाजारात मिळणारी नकली फर चमकते, आणि चमकली की मेली. कान आणि पंख छत्र्यांचे. मोडक्या काळ्या छत्र्या गल्लीतून मागून आणल्या. काड्या कानात आणि कापड पंखांत. काडी ओढली की कान हलायला हवा म्हणून सायकलच्या ब्रेकची वायर घातली, तिचं दुसरं टोक आतल्या माणसाच्या अंगठ्याला. हे एक यंत्र आम्ही केलेलं सगळ्यांत कामाचं निघालं. आप्पा स्तब्ध असतात, काळोखात काही दिसत नाही, आणि एकच कान सावकाश तुमच्या दिशेनं वळतो. त्या एका हालचालीवर सिनेमाची निम्मी भीती चाललीय.

आत कोण बसणार यावर पहिला विचार पैलवानाचा होता. तालमीतला एक दणकट गडी आला, त्यानं पोशाख घातला आणि थोड्याच वेळात घामानं न्हाऊन निघाला. आप्पा दणकट दिसले खरे, पण माणूस दिसले. अडचण चालण्यात होती. दोन पायांवर चालणारा राक्षस हा पोशाखातला माणूसच वाटतो, कितीही शिवा. वटवाघूळ जमिनीवर उतरलं तर पंख मिटून मनगटांवर आणि मागच्या पायांवर सरपटतं. ते फोनवर पोरांना दाखवलं. त्याच तालमीतला एक सडपातळ पोरगा म्हणाला, ‘‘ह्ये तर दंड मारत जायचं की.’’ आणि त्यानं करून दाखवलं. हातांखाली सुतारमामांनी फूटभर उंचीचे लाकडी खुंट करून दिले, म्हणजे खांदे वर आणि कंबर खाली. दंडाची झेप, मग थांबणं, मग कान. त्याला काही अभिनय सांगावा लागला नाही. रोज पहाटे दंड मारून जी लय अंगात बसली होती तिच्यातच जनावर होतं.

वेगाचं मात्र शिकून घ्यावं लागलं. साडेपाच फुटी पोरगा २२ फुटी दिसायचा असेल तर तो नेहमीच्या वेगानं टिपून चालत नाही. मोठी वस्तू पडायला, वळायला जास्त वेळ लागतो. नियम सोपा आहे: वस्तू जितक्या पट मोठी भासवायची, त्याच्या वर्गमुळाइतक्या पटीनं फ्रेमचा वेग वाढवायचा. चौपट मोठी तर दुप्पट वेग, म्हणजे सेकंदाला २५ ऐवजी ५० फ्रेम, आणि दाखवताना २५ नंच दाखवायचं. १९५४ च्या जपानी ‘गॉडझिला’तही रबरी पोशाखातला माणूस असाच जास्त वेगानं टिपून जड केला होता. आमच्या घरात शिरणाऱ्या आप्पांना एवढं मोठं दाखवून चालणार नव्हतं, तिथं ५० नं टिपून संकलनात थोडं पळवलं. वर्गमूळ शाळेत शिकवताना गुरुजींनी राक्षसाचं उदाहरण दिलं असतं तर वर्गातल्या मागच्या बाकावरची आम्ही सगळी मंडळी पुढं येऊन बसलो असतो.

हाच नियम पुलाला. किल्ले करणाऱ्या पोरांनी ३२ फुटी पूल २ फुटांत बांधला. म्हणजे सोळावा हिस्सा, वेग चौपट, १०० फ्रेम. यांचं काम बघण्यासारखं होतं. दिवाळीत हीच पोरं पोत्यावर चिखल लिंपून राजगड करतात, अळीव पेरून हिरवळ आणतात. पुलासाठी त्यांनी जांभ्या दगडाची भुकटी प्लॅस्टरमध्ये कालवली, कमानीला आतून हेक्सा ब्लेडनं चिरा देऊन ठेवल्या म्हणजे फुटताना आम्हाला हवा तिथंच फुटेल, आणि पोटात सुतळी बॉम्ब ठेवला. वर मैदा आणि सिमेंटची धूळ. नाला कोरडा दाखवला, कारण पाणी लहान करता येत नाही; थेंब थेंबाएवढाच राहतो आणि सगळं सोंग उघडं पाडतो. मिनी-राजगड बांधण्यात हयात घालवलेल्या एका दहावीतल्या कारागिरानं पूल उडाल्यावर डोळे पुसले. दुसऱ्या पुलाला त्यानं स्वतः वात लावली.

गुहा कशी केली ते थोडक्यात. अभयारण्यात पाय ठेवायचा विचारही केला नाही, तिथली वटवाघळं आधीच मोजकी आहेत आणि कॅमेऱ्याच्या उजेडाची त्यांना काही गरज नाही. जांबोटीकडं चिऱ्याची एक बंद खाण होती तिथं तोंडाचे शॉट घेतले. चिऱ्याच्या खाणीच्या भिंती सुरीनं कापल्यासारख्या सरळ असतात, म्हणून फांद्या आणि धूर. आतलं सगळं वडगावात, बंद पडलेल्या पॉवरलूमच्या शेडमध्ये, गोणपाटावर माती लिंपून.

रात्रीचं काम ओळखीच्या एकाच्या काजूच्या बागेत चाललं. खरी रात्र फारच कमी वापरली. सूर्य गेल्यावर आकाशात निळं उरतं तेवढ्या वेळात लांबचे शॉट, मग पूर्ण अंधारात जवळचे, कंदिलाच्या आत छोटा एलईडी लपवून. दुपारीही काही टिपले, सूर्य नटांच्या पाठीमागं ठेवून, आकाश चौकटीबाहेर, एक्स्पोजर खाली आणून आणि रंग निळ्याकडं ढकलून. जुनी युक्ती आहे आणि अजून चालते, फक्त मोबाईलचा टॉवर कुठं डोकावत नाही ना ते बघायचं. तो डोकावतोच.

आणि एका रात्री गवे आले. बागेच्या खालच्या अंगाला आधी काटक्या मोडल्या. बागेचा राखणदार हळूच म्हणाला, ‘‘लाईट घालवा, गाडीत बसा, बोलू नका.’’ आम्ही टेम्पोत. आप्पांना काढायला वेळ नव्हता, तेही घोंगडीसकट आमच्या मांडीवर. पाच-सहा काळे ढिगारे बांधावरून चढून आले. एक तर इतका जवळ की त्याच्या पायातले पांढरे मोजे दिसत होते. त्यानं टेम्पोकडं मान वळवली आणि नाकातून हवा सोडली. आधी शिट्टीसारखं बारीक, मागून भात्यासारखं. सिनेमात मी लिहिलेल्या बाईनं जे करायचं होतं ते सगळं आम्ही विनापगारी करत होतो. तोंडावर हात, श्वास अर्धवट. साऊंडवाल्या दोस्ताच्या गळ्यात रेकॉर्डर होता. त्यानं मघाशी तो बंद केलाच नव्हता. आप्पांचा श्वास म्हणून सिनेमात जे ऐकू येतं ते या गव्याचं.

हा दोस्त गणपतीत आणि लग्नात साऊंड सर्व्हिस चालवतो. लोक त्याला डीजे म्हणतात आणि डेसिबलवरून शिव्या घालतात. त्याचा कान किती बारीक आहे ते मला या कामात कळलं. तो म्हणाला, ‘‘दाखवायला आपल्याकडं काय न्हाई. ऐकवूया.’’ आणि मग तो बेळगावभर माईक घेऊन फिरला. हंटर विमान हवं होतं. लष्करी हद्दीजवळ माईक धरून उभं राहणं शहाणपणाचं नाही, आणि आताच्या विमानांचा आवाजही तो नव्हे. त्यानं मामीकडचा पंपाचा स्टो पेटवला. पूर्ण हवा भरून निळ्या ज्योतीवर आला की तो जो घोंगावतो, तो रेकॉर्ड करून खाली उतरवला. हंटर जवळून जाताना एक ओरडती शीळ निघायची असं जुने लोक सांगतात, ती शंखाची, लांबून फुंकलेली. हॉलमध्ये मोठ्या बॉक्सवर हे लागतं तेव्हा खुर्च्या थरथरतात. पडद्यावर त्या वेळी फक्त कौलांवरून धूळ पडताना दिसते आणि एक सावली अंगणातून जाते. सावली ड्रोनखाली टांगलेल्या पुठ्ठ्याची.

वायरलेसची खरखर म्हणजे कढईत पडलेले चुरमुरे. पोर्तुगीज रेडिओचं एक वाक्य ओळखीच्या कॅम्पातल्या आजीकडून बोलून घेतलं. तिचं लहानपण म्हापशात गेलेलं. ती माईकसमोर एवढ्या ठसक्यात बोलली की नको नको म्हणताना दोन मिनिटं ठेवली. शेवटी हेच स्टेशन मध्येच गप्प होतं. बांबोळीला काय झालं ते कुणी बोलून दाखवत नाही.

पण खरा मासला आप्पांच्या काळजाचा. ते जवळ आलेत हे प्रेक्षकाला दिसायच्या आधी कळायला हवं. ढोल वापरून बघितला, सगळ्या भयपटांत असतो तसा वाटला. एके संध्याकाळी वडगावच्या गल्लीतून जाताना दोस्त थांबला. घराघरांत माग चालू. खटक-खटक, खटक-खटक. त्यानं एका शेडमध्ये जाऊन जवळून रेकॉर्ड केलं आणि वेग चौथाईवर आणला. आवाज दोन सप्तकं खाली गेला. धोट्याचा ठोका जमिनीखालून आल्यासारखा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये काहीतरी ओढत नेल्याची घरघर. मी रात्री हेडफोनवर एकट्यानं ऐकला आणि उठून दार लावलं.

पहिला खेळ खानापूर तालुक्यातल्या एका गावात, देवळाच्या पटांगणात, भाड्याच्या पडद्यावर. गव्याचा श्वास आला तशी पुढची पोरं मागं सरकली. तो आवाज त्यांच्या ओळखीचा आणि धाकाचा आहे. माग घुमायला लागला तेव्हा कुणी हललं नाही. बहिरा सासरा आप्पांच्या समोरून काहीच न कळता तांब्या घेऊन परसाकडं जातो, तिथं हशा होईल असं वाटलं होतं. नाही झाला. एक बाई मोठ्यानं म्हणाली, ‘‘अगं बाई, त्येला कुणीतरी धरा.’’ खेळ संपल्यावर फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार आले आणि त्यांनी आमच्या शिपायाच्या बुटांच्या नाड्या कशा चुकीच्या बांधल्यात ते बसून दाखवलं. राक्षसाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

दुसरा खेळ वडगावात ठेवला, मामीच्या गल्लीसाठी. हॉल भरला. गव्याच्या श्वासाला थोडी कुजबुज. मग आप्पांचं काळीज सुरू झालं, पहिला ठोका, दुसरा, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. मग अख्खा हॉल. मी दाराशी उभा, काही समजेना. लोक एकमेकांना कोपरानं ढोसत होते, मान डोलवत होते, हातानं धोटा फेकल्यासारखं करत होते. ज्या आवाजावर ही माणसं जेवतात, झोपतात, पोरं वाढवतात, त्याला ती भिणार कशी? पुढं मामीचं नाव पडद्यावर आल्यावर टाळ्या पडल्या त्या वेगळ्या, पण भीती त्या रात्री हॉलमध्ये आलीच नाही. बाहेर पडताना एका म्हाताऱ्या विणकरांनी साऊंडवाल्याला बाजूला घेतलं आणि काळजीनं सांगितलं, ‘‘तुमचा माग लई जड चाललाय. धोटा घासतोय. बघून घ्या एकदा.’’

दोस्ताला हे लागलं आहे. वडगावसाठी वेगळा आवाज लावायला हवा होता असं त्याचं म्हणणं. माझ्या मते त्या रात्रीचा हशा हा सिनेमाला मिळालेला सगळ्यांत नेमका अभिप्राय होता, आणि आवाज बदलायचा नाही. यावर आमचं रोज वाजतं. त्यात आता इचलकरंजीच्या एका मंडळानं खेळ मागितलाय. तिथं तर गल्लोगल्ली माग. तो म्हणतो, तिकडं जायच्या आधी नवं काळीज बसवतो, गुऱ्हाळावर जाऊन चरकाचा आवाज घेऊन येतो. इचलकरंजीच्या भोवती ऊसही भरपूर आहे, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.